प्रत्येक सहीमागचा हिशेब

आमच्या मुलाच्या मेंदूतील गाठ सर्वप्रथम लक्षात आली ती डोळ्यांच्या डॉक्टरांच्या. २०२२ च्या जूनमध्ये तो पहिलीत गेला आणि तेव्हापासून सकाळी अंथरुणातून उठल्याबरोबर त्याला उलटी होऊ लागली. उलटी झाली की थोड्याच वेळात तो ठणठणीत दिसे, डबा घेऊन शाळेत जाई, दुपारी पोटभर जेवे. फलटणला ज्यांच्याकडे दाखवले त्यांनी आधी जंतांचे औषध दिले, मग पित्ताचे, आणि शेवटी ‘नवीन शाळेचे दडपण असेल’ असे सांगितले. रात्रभर आडवे राहिल्याने डोक्यातील दाब वाढतो, म्हणून अशी उलटी नेमकी पहाटे किंवा सकाळी होते, हे आम्हाला पुष्कळ नंतर समजले. ऑगस्टमध्ये तो चालताना भिंतीला हात लावू लागला, मान एका बाजूला कलती ठेवू लागला आणि फळ्यावरची एक ओळ त्याला दोन दिसू लागली. चष्मा लागला असेल म्हणून डोळे तपासायला नेले. डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, बराच वेळ डोळ्यांच्या आत पाहिले आणि दृष्टीच्या नसेला सूज आहे, आजच्या आज पुण्याला जाऊन मेंदूचा एमआरआय करा, उद्यावर टाकू नका, असे सांगून चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी फी घेतली नाही.

गाठ लहान मेंदूत होती आणि तिने मेंदूतील पाण्याची वाट अडवलेली होती. हे पाणी रोज तयार होत असते आणि रोज शोषले जात असते. वाट बंद झाली की ते आतच साठते. पुण्यातील रुग्णालयात त्याच रात्री डोक्याला छोटे छिद्र करून नळीवाटे पाणी बाहेर काढले आणि दाब उतरल्यावर दोन दिवसांनी मोठी शस्त्रक्रिया ठरली. संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी शल्यविशारदांनी कागदावर आकृती काढून जे समजावले, ते पुढे वर्षभर चाललेल्या सगळ्याच गोष्टींना लागू पडले. ते म्हणाले, गाठ जितकी निघेल तितकी काढू. पण तिचा थोडा भाग मेंदूच्या देठाला चिकटलेला दिसला, तर तो तसाच सोडू, कारण श्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल सगळे तिथून चालते. दीड चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी भाग राहिला तर पुढच्या उपचारांच्या निकालात फारसा फरक पडत नाही. मात्र तेवढ्याचा हव्यास धरून देठाला इजा झाली तर ती भरून येत नाही. या आजारात काहीही फुकट मिळत नाही आणि आईवडिलांची सही प्रत्येक वेळी कशाच्या तरी बदल्यात काहीतरी सोडण्यावर असते, हे मला त्या कागदावर पहिल्यांदा दिसले.

शस्त्रक्रिया चांगली झाली. अतिदक्षता विभागात शुद्धीवर आल्यावर त्याने पाणी मागितले, ताई कुठे आहे म्हणून विचारले. दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्याचे बोलणे थांबले. हळूहळू कमी होत गेले असे नव्हे, एकदम बंद झाले. डोळे उघडे, पण नजर कुठे ठरत नव्हती. मान धरवत नव्हती, घोट गिळवत नव्हता, आणि तासन्तास तो एकाच चढ्या पट्टीत, अश्रू न येता रडत राही. लहान मेंदूच्या मधोमध असलेल्या गाठी काढल्यावर साधारण चारांपैकी एका मुलात असे होते. लहान मेंदूतून मोठ्या मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंना धक्का बसल्यामुळे मूल काही काळ मुके होते. त्याला ऐकू येत असते आणि बरेचसे समजतही असते, पण शब्द बाहेर पडत नाही. डॉक्टरांनी या शक्यतेची कल्पना आधी दिलेली होती. तरीही आदल्या दिवशी पाणी मागणारे मूल आज आपल्याकडे पाहतही नाही, हे पाहताना ऐकलेल्या माहितीचा आधार फार थोडा वाटतो.

या काळाबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण यातून जाणाऱ्या पालकांना सर्वांत एकटे याच वेळी वाटते. नाकातून घातलेल्या नळीने दूध, नाचणीची पेज आणि पातळ वरण द्यायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची. फिजिओथेरपिस्ट ताई रोज येऊन त्याला धरून बसवायच्या, तेव्हा त्याचा संताप पराकोटीला जायचा. स्पीच थेरपिस्टनी आम्हाला सांगितले की त्याच्याशी नेहमीसारखेच बोला, प्रश्न मात्र विचारू नका, कारण उत्तर देता न येणे हा त्याच्यासाठी त्रास आहे. तो सल्ला मला फार मोलाचा वाटतो. भेटायला येणारा प्रत्येक जण नेमका प्रश्नच विचारत असे, “ओळखलंस का मला?”, “काय झालं बाळा, बोलत का नाहीस?” शेवटी यजमानांनी दारावर उभे राहून नातेवाइकांना थोपवायला सुरुवात केली. काहींना त्याचा राग आला, काहींचा अजूनही आहे. काही आठवड्यांनी एका सकाळी फिजिओथेरपिस्ट ताईंनी हात धरला आणि तो स्पष्ट म्हणाला, “नको.” त्या ताई इतक्या हरखल्या की त्या दिवशीचा व्यायाम त्यांनी खरोखरच केला नाही. पुढचे शब्द तुटक, सावकाश, एका सुरात येत गेले. आजही तो घाईत बोलू शकत नाही.

दरम्यान गाठीच्या तुकड्याचा अहवाल आला होता: मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे लहान मेंदूत होणारा कर्करोग, चौथी श्रेणी. चौथी श्रेणी हा शब्द वाचून घरात जे झाले ते सांगण्याची गरज नाही. पण मोठ्यांच्या कर्करोगातील चौथी अवस्था आणि ही श्रेणी या वेगळ्या गोष्टी आहेत. श्रेणी पेशींच्या स्वभावाबद्दल सांगते, आजार किती पसरला त्याबद्दल नाही. पसरला आहे का, हे कळण्यासाठी पाठीच्या कण्याचा एमआरआय आणि शस्त्रक्रियेनंतर दोन आठवड्यांनी पाठीतून काढलेल्या पाण्याची तपासणी करावी लागते. दोन्ही स्वच्छ निघाल्या. पुढील उपचारांसाठी आम्ही टाटा मेमोरियलला फाइल काढली. तिथे बाहेरच्या अहवालावर विसंबून राहत नाहीत. गाठीचा मेणात बसवलेला ठोकळा आणि काचपट्ट्या मागवून स्वतः पुन्हा तपासतात. तो इवलासा ठोकळा पुण्याच्या प्रयोगशाळेतून सही करून घेतला आणि पर्समध्ये ठेवून मी परळला पोहोचवला. पूर्वी एकच समजल्या जाणाऱ्या या आजाराचे आता चार मुख्य गट मानले जातात, आणि कोणत्या गटातील गाठ आहे यावर बरेच अवलंबून असते. आमची गाठ सर्वांत चांगला निकाल असलेल्या गटातील नव्हती, पण एकूण धोका ‘सर्वसाधारण’ या वर्गात बसला. डॉक्टर मॅडमनी न विचारताच सांगितले की या वर्गातील दहा मुलांपैकी साधारण आठ मुले पाच वर्षांनंतरही हयात असतात. मला ती पद्धत आवडली. आकडा लपवला तर माणूस स्वतःच रात्री मोबाइलवर शोधतो आणि त्याला हमखास वाईटच सापडतो.

किरणोपचार टाटाच्याच खारघरच्या केंद्रात, ॲक्ट्रेकमध्ये, ठरले. खरा अवघड निर्णय इथे होता, असे मी आजही मानते. मेड्युलोब्लास्टोमाच्या पेशी मेंदू आणि मणक्याभोवतीच्या पाण्यातून कुठेही पोहोचू शकतात, म्हणून केवळ गाठीच्या जागेवर किरण देऊन भागत नाही; संपूर्ण मेंदू आणि पाठीचा पूर्ण कणा यांना ते द्यावे लागतात. वाढत्या वयाच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. नवे शिकण्याचा वेग, लक्ष, स्मरण, उंची, थायरॉइड, सगळ्यांवर. मूल जितके लहान तितकी हानी अधिक, आणि म्हणूनच तीन वर्षांखालील मुलांना शक्य तोवर असे किरण देतच नाहीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ‘शिकण्याचा वेग’ या शब्दांचा अर्थ मला वर्गातील मुलांच्या चेहऱ्यांसह माहीत आहे. त्यामुळे मी मॅडमना थेट विचारले की मात्रा कमी करता येणार नाही का.

त्यांनी जे उत्तर दिले ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले. एकेकाळी या आजाराच्या सर्व मुलांना मेंदू व कण्यावर ३६ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतकी मात्रा दिली जाई. नंतर, सोबत केमोथेरपी दिली तर सर्वसाधारण धोक्याच्या मुलांना २३.४ ग्रे पुरते, असे सिद्ध झाले. ती आणखी उतरवून १८ ग्रेवर आणता येईल का, हे अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत नेमके तीन ते सात वर्षांच्या मुलांमध्ये तपासले गेले, आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा कमी मात्रा मिळालेल्या मुलांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण जास्त दिसले. त्याच चाचणीत एक चांगली गोष्टही कळली. शेवटचा वाढीव डोस पूर्वी मेंदूच्या संपूर्ण मागच्या भागाला देत. तो केवळ गाठीच्या जागेपुरता दिला तरी चालतो, आणि त्यामुळे कानाच्या आतल्या भागाला कमी किरण लागतात. म्हणजे संपूर्ण मेंदू-कण्याला २३.४ आणि गाठीच्या जागी एकूण ५४. दिवसाला १.८, आठवड्यातून पाच दिवस, एकूण सहा आठवडे. “यापेक्षा कमी मागू नका,” मॅडम म्हणाल्या, “मागितलंत तर मी देणार नाही.” हे असे ठामपणे कोणीतरी सांगणे ही त्या वेळी मोठी सुटका होती. मुलाचे वय सहा. आठ-नऊ असते तर हानी थोडी कमी झाली असती. पण शस्त्रक्रियेनंतर हे उपचार लांबवले तर निकाल बिघडतो, तेव्हा थांबण्याचा मार्गच नव्हता. खारघरलाच प्रोटॉन किरणांची सोय २०२३ मध्ये सुरू झाली. ‘वर्षभर उशिरा झाले असते तर’ असे काही परिचितांनी बोलून दाखवले, तेव्हा आजाराला तारीख देता येत नाही, एवढेच उत्तर मी दिले. प्रोटॉनमुळे छाती-पोटातील अवयव बरेच वाचतात हे खरे. पण संपूर्ण मेंदूला द्यायची मात्रा त्यातही तेवढीच असते.

चेहऱ्यासाठी जाळीचा मुखवटा तयार करतात. गरम पाण्यात मऊ केलेले प्लास्टिक चेहऱ्यावर पसरून साच्याप्रमाणे घट्ट बसवतात आणि रोज तोच मुखवटा टेबलाला अडकवतात, म्हणजे डोके जराही हलत नाही. सुरुवातीला भूल द्यावी लागली. त्यासाठी पहाटेपासून उपाशी ठेवणे, आणि नळीतून नुकताच सुटून तोंडाने खायला लागलेल्या मुलाला भूक लागलेली असताना काही न देणे, हे किरणांपेक्षा कठीण गेले. तंत्रज्ञांनी मग मुखवटा हातात देऊन त्याला खेळू दिले, खोली दाखवली, आणि आईचा आवाज आत ऐकू येईल असे वचन दिले. बाहेरच्या माइकवरून मी रोज परवचा म्हणत असे. त्याला पाचपर्यंतचे पाढे पूर्वी येत होते. आता ते म्हणता येत नसले तरी ऐकताना तो शांत राही. बेपासून सुरुवात करायची आणि यंत्र थांबेपर्यंत पुढे जात राहायचे. एका तंत्रज्ञांनी कबूल केले की तेराचा पाढा त्यांचा यानिमित्ताने पाठ झाला.

राहण्यासाठी रुग्णालयाजवळ खोली भाड्याने घेतली होती. परिस्थिती नसलेल्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि मुलांसाठी सेंट ज्यूड केंद्रे आहेत. फाइल काढली की वैद्यकीय समाजसेवकांना भेटून लगेच विचारावे, कारण जागेसाठी रांग असते. रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर आणि तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात पूर्ण आणि सोबत्याला पाऊण सवलत मिळते, तिचा फॉर्मही रुग्णालयातच मिळतो. आमच्या मजल्यावर तीन कुटुंबांचे एकच स्वयंपाकघर होते: आम्ही, नांदेडकडचे एक शेतकरी जोडपे आणि झारखंडहून आलेले एक वडील, ज्यांना सुरुवातीला फक्त खिचडी करता येत होती. नांदेडच्या ताईंनी त्यांना पोळ्या शिकवल्या. तिन्ही मुलांचे पथ्य सारखेच असल्याने कामे आपोआप वाटली गेली. पाणी उकळून गार केलेले, फळ केवळ सोलून खाता येईल असे, कोशिंबीर-चटणी बंद, सकाळचे संध्याकाळी नाही. तिथे कोणी कोणाला धीर वगैरे दिला नाही. आज कोणाचे रक्तपेशींचे काउंट किती आले, कोणत्या नर्सला पहिल्या टोचण्यात शीर मिळते, असेच बोलणे असे. मला ते गावाकडून येणाऱ्या फोनपेक्षा कितीतरी सुसह्य वाटे. फोनवर प्रत्येकाकडे एक चूर्ण, एक महाराज किंवा एक काढा होता. सासूबाईंनी पाठवलेला अंगारा मी कपाळाला लावू दिला, पोटात मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही जाऊ दिले नाही, आणि सासूबाईंनीही ते समजून घेतले.

थोड्या विश्रांतीनंतर केमोथेरपी सुरू झाली: सिस्प्लॅटिन, व्हिन्क्रिस्टीन आणि सायक्लोफॉस्फामाइड. दंडातून पिक लाइन, म्हणजे औषधासाठी मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक नळी, घातलेली होती, तिची दर आठवड्याला सफाई. सिस्प्लॅटिनच्या आधी आणि नंतर सलाइन, लघवीचा थेंबन्‌थेंब मोजून लिहायचा. व्हिन्क्रिस्टीनने बद्धकोष्ठ होई, जबडा दुखे आणि पायाचा चवडा वर उचलत नसे. या सगळ्यावर उपाय होते आणि ते झाले. सर्वांत महत्त्वाची सूचना तापाची होती. थर्मामीटरवर १००.४ दिसले की घरी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायची नाही, तडक रुग्णालय गाठायचे, कारण पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. फलटणला आलेलो असताना एकदा मध्यरात्री ताप आला. टाटाने स्थानिक डॉक्टरांसाठी दिलेले पत्र कायम पिशवीत असे. आमच्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांनी ते वाचून तासाभरात पहिले अँटिबायोटिक दिले आणि मगच आम्ही मुंबईला निघालो. ते पत्र प्रत्येक पालकाने मागून घ्यावे.

सिस्प्लॅटिन कानांवर परिणाम करते, म्हणून प्रत्येक फेरीआधी श्रवणचाचणी होत असे. चौथ्या फेरीआधी आलेखाची उजवी बाजू खाली घसरलेली दिसली. उंच पट्टीचे आवाज त्याला ऐकू येईनासे झाले होते. पुन्हा तोच प्रश्न समोर आला, औषध पूर्ण दिले तर कान जाणार आणि कमी केले तर गाठीचा पहारा सैल होणार. या वेळी डॉक्टरांच्या बैठकीत मात्रा कमी करण्याचे ठरले, आमची संमती घेतली गेली. यजमानांना ते पटले नव्हते. “कानाला यंत्र लावता येतं,” असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते चुकीचे होते असे मी म्हणू शकत नाही. रात्रभर आम्ही यावर बोललो. सकाळी दोघांनीही सही केली.

पैशांबद्दल थोडक्यात. पुण्याच्या शस्त्रक्रियेसाठी भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम काढला. टाटामधील खर्च त्यामानाने खूप कमी होता. वैद्यकीय प्रतिपूर्तीचे प्रस्ताव जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मान्यतेसाठी जातात, तेव्हा प्रत्येक बिलाची मूळ प्रत, शिक्का आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवणे हे एक स्वतंत्र काम होते. ते माझ्या मोठ्या दिरांनी केले.

२०२३ च्या उन्हाळ्यानंतर उपचार संपले आणि आजूबाजूच्या सर्वांच्या दृष्टीने विषयही संपला. “आता बरा आहे ना?” या प्रश्नाला मी हो म्हणते, कारण दर काही महिन्यांनी होणारे एमआरआय आजवर स्वच्छ आले आहेत. पण शाळेत तो परत आला तेव्हा शिक्षिका म्हणून मला जे दिसत होते ते वेगळे होते. श्रुतलेखनात त्याचे ‘स’, ‘श’ आणि ‘फ’ गळत होते, कारण हेच आवाज उंच पट्टीत असतात. त्यासाठी श्रवणयंत्र मिळाले, बसण्याची जागा पहिल्या बाकावर आली आणि बाईंनी फळ्याकडे तोंड करून न बोलण्याची सवय लावून घेतली. वेगाचे मात्र यंत्र नाही. गणित त्याला समजते, उत्तर बरोबर येते, पण इतर मुलांची पाच उदाहरणे होतात तेव्हा त्याची दोन झालेली असतात. मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या चाचणीत शब्दज्ञान वयानुरूप आले आणि कामाचा वेग बराच खाली. तो अहवाल घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि परीक्षेत वाढीव वेळ तसेच अर्ध्या उदाहरणांची परवानगी मागितली. वेळ मिळाला, अर्ध्या उदाहरणांबद्दल ‘इतर पालक काय म्हणतील’ असे उत्तर आले. हा संवाद अजून चालू आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रत मी त्यांना नेऊन दिली आहे.

आता तो नऊ वर्षांचा आहे. थायरॉइडची गोळी सुरू झाली आहे आणि गेल्या वर्षभरात उंची जवळपास वाढलेली नाही. वाढीच्या हार्मोनचे इंजेक्शन रोज रात्री, काही वर्षे द्यावे लागेल, असे अंतःस्रावतज्ज्ञांचे मत आहे. गाठ उलटण्याचा धोका त्याने वाढल्याचे आढळलेले नाही, असे त्यांनी सांगितले आणि टाटाच्या डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. कण्याला किरण मिळालेले असल्यामुळे इंजेक्शन घेऊनही पाठीचा भाग फारसा वाढणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. म्हणजे जे मिळेल ते मुख्यतः पायांच्या उंचीत मिळेल. यजमान या वेळी थांबायच्या मताचे आहेत आणि मी सुरू करण्याच्या. मुलाने स्वतः विचारले की सुई रोज म्हणजे रविवारीही का. पुढच्या तपासणीत आम्ही तिघेही जाणार आहोत आणि या वेळी त्यालाही डॉक्टरांसमोर बसवून सगळे ऐकवायचे, असे ठरवले आहे.